चुन्याच्या फक्कीजवळ टिटवीची चार अंडी, सोमवारी जेसीबी येणार

गच्चीवरून | ४ एप्रिल

नमस्कार. विषय घाईचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

विजापूर रोडच्या बाजूला, जुळे सोलापूर संपून शेतं सुरू होतात तिथे आमचं घर आहे. घरासमोर तीनेक एकरांचा मोकळा तुकडा आहे. एनए (बिगरशेती) झालेला, लेआउट मंजूर. पंधरवड्यापूर्वी तिथं पोरं येऊन दोऱ्या ताणून, चुन्याची फक्की मारून गेली. त्या फक्कीपासून हातभर अंतरावर टिटवीची चार अंडी आहेत. मुकादम म्हणतो, सोमवारी सकाळी जेसीबी लागणार.

पहिल्यांदा दिसली तेव्हा अंडी दोन होती. २९ मार्चला चार झाली. घरटं म्हणावं असं तिथं काही नाही. मुरमात पायाने उकरलेली बशीएवढी खळगी, कडेने खडे मांडलेले, दोन-चार शेळीच्या लेंड्या. अंडी मातकट, वर काळे डाग. दहा पावलांवरून बोट दाखवलं तरी शेजारच्या काकूंना ती दिसेनात. जेसीबीच्या केबिनमधून काय दिसणार?

तुकड्याच्या खालच्या अंगाला जुनी दगडाची खाण आहे. वरच्या शेतांतून येणारा ओढा तीत उतरतो, म्हणून उन्हाळ्यातही तिथं गुडघाभर पाणी असतं. पाणकणीस माजलंय, काठाला बेशरमाची झुडपं आणि चार बाभळी. टिबुकल्या आहेत, पाणकोंबड्या आहेत, लांब लाल पायांचे शेकाटे येतात, हळदीकुंकू बदकांची एक जोडी गेली तीन वर्षं बघते आहे. पावसाला सुरुवात झाली की त्या बाभळींवर सुगरणी विणायला बसतात. शुक्रवारपासून त्या पाण्यात डंपरने राडारोडा पडतोय.

परवा दुपारी दीडला गच्चीवर कुरडया उलटायला गेले होते. पत्र्याला हात लावता येत नव्हता इतकं ऊन. टिटवी अंड्यांवर बसलेली नव्हती, उभी होती. पंख जरा सैल सोडलेले, चोच उघडी, गळा धडधडतोय, आणि स्वतःची सावली बरोबर अंड्यांवर पडेल अशी उभी. थोड्या वेळाने दुसरी आली, खाणीच्या बाजूने, चालत. तिच्या पोटाची पिसं भिजून मळकट झाली होती. पहिली बाजूला झाली, ही अंड्यांवर टेकली, दोन-तीनदा अंग हलवलं, उठली आणि तशीच सावली धरून उभी राहिली. दुर्बिणीतून अंडी चमकताना दिसली. ओली होती. साडेतीनपर्यंत मी सात फेऱ्या मोजल्या.

मला कुणाशी भांडायचं नाही. घरं व्हायलाच हवीत, आमचंही अशाच माळावर झालंय. पण सोमवारच्या आत काय करता येईल, कुणाशी बोलावं, आणि त्या पाण्याचं काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लवकर लिहा.

रानवाट | ४ एप्रिल

ताई, सगळ्यात आधी हे: अंडी उचलून दुसरीकडे ठेवू नका आणि कुणाला ठेवू देऊ नका. दहा फूट जरी हलवली तरी बहुतेक वेळा पक्षी जुन्याच खळगीपाशी येऊन बसतो. सद्भावनेने केलेल्या या एका कामाने फार घरटी वाया जातात.

कायदाही तेच सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच संरक्षित पक्ष्याची अंडी फोडणं, खराब करणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे सगळं येतं. बंदूक हातात असावीच लागते असं नाही. बिल्डरशी बोलताना याची धमकी नको, पण कायदा आहे हे शांतपणे सांगायला हरकत नाही. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाईन आहे, तिथं आजच फोन करून नोंद करा.

आता दिवस मोजा. टिटवी सगळी अंडी घालून झाल्यावर नीट उबवायला बसते आणि तिथून साधारण २८ ते ३० दिवसांनी पिल्लं निघतात. चौथं अंडं २९ मार्चचं असेल तर २६ एप्रिलच्या आसपास. पिल्लं अंगावर पिसांचा कापूस घेऊनच बाहेर येतात आणि अंग वाळलं की पळू लागतात. चिमणीसारखी घरट्यात बसून भरवून घेत नाहीत. म्हणजे तुम्हाला त्या जागेसाठी तीन आठवडे मागायचे आहेत, जागा मागायची नाही.

तुम्ही पाहिलंत ते पोट भिजवणं फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात अंडं उघडं पडलं तर आतला जीव थोड्या वेळात शिजून जातो. त्यामुळे जवळ पाणी नसेल तर राखलेलं घरटंही निकामी होऊ शकतं.

आणि जवळ जाऊन फोटो काढू नका, जागेचा पत्ता ग्रुपवर टाकू नका. आपण उभे राहतो तिकडे कावळा बघत असतो. किती लांब राहायचं ते टिटवी स्वतः सांगते: ती ओरडायला लागली की आपण फार पुढे आलोय, मागे सरकायचं.

शेंगाचटणी | ४ एप्रिल

वाचून पोटात कालवलं. आमची आजी टिटवीची अंडी उंचवट्यावर आहेत की खोलगटात हे बघून यंदाच्या पावसाचा अंदाज बांधायची. रात्री टिटवी ओरडली की मात्र दार लावून घ्यायची. अपशकुन म्हणून कुणी त्या अंड्यांना दगड मारू नये म्हणून सांगते, वॉचमनशी नक्की बोलून ठेवा.

सिव्हिलवाला | ४ एप्रिल

चौदा वर्षं साइटवर आहे. सोलापुरात आणि बाहेर मिळून बरीच कामं केली, त्यामुळे समोरच्या बाजूचं सांगतो.

लेआउटच्या कामात जेसीबी एका दिवशी तीन एकर खरवडत नाही. आधी रस्त्यांची खोदाई, मग मुरूम, मग गटार. कुठल्या रस्त्यापासून सुरुवात करायची हे बहुतेक वेळा डंपरला वळायला सोपं कुठून, एवढ्यावरच ठरतं. त्यामुळे सोमवारी बिल्डरला 'काम थांबवा' म्हणू नका. 'वरच्या अंगापासून सुरू करा, हा कोपरा शेवटी घ्या' म्हणा. पहिल्या वाक्याला तो लगेच नाही म्हणेल. दुसऱ्याला त्याला विचार करावा लागेल, कारण त्यात त्याचा पैसा जात नाही.

घरट्याभोवती पंधरा-वीस मीटरवर चार बांबू, सुतळी आणि तिला लाल चिंध्या. जाळी, पत्रा, शेडनेट काही नको, टिटवीला चारही बाजूंनी लांबचं दिसायला लागतं. हे सगळं मुकादमाला नाही, जेसीबीच्या ऑपरेटरला दाखवा. साइटवर लिव्हर त्याच्या हातात असतो. त्याला एकदा कळलं की तो कुणाच्या सांगण्याची वाट बघत नाही.

हे मी का सांगतोय ते लिहितो. काही वर्षांपूर्वी एका अपार्टमेंटच्या कामावर फुटिंगसाठी काढलेला मुरूम बाजूला रचून ठेवला होता, आठ फूट उंच, एका अंगाला उभा कापलेला. दीड-दोन महिने तसाच होता. त्यात वेड्या राघूंनी बिळं केली. हिरवा पक्षी, शेपटीतून एक काडी निघालेली, तारेवर बसून माश्या टिपतो तो. मी रोज बघायचो, त्यांची ये-जा चांगली वाटायची. चोचीत चतुर धरून बिळात शिरायचे. याचा अर्थ आत पिल्लं आहेत हे मला कळायला हवं होतं. मे महिन्यात प्लिंथ, म्हणजे जोतं, भरायची वेळ आली आणि मीच सांगितलं, तो ढीग घ्या. बकेट लागल्यावर दोन पक्षी चोचीत किडे घेऊन त्या जागेवर फिरत राहिले. दुसऱ्या दिवशीही फिरत होते. सायंकाळी साइट बंद करून निघालो तरी वर आवाज येतच होता.

मुरूम दुसऱ्या ढिगातून घेता आला असता. त्या पिल्लांना आणखी दोन-तीन आठवडे पुरले असते. त्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आता सांगतो: साइटवर मार्चनंतर उभा कापलेला मातीचा ढीग ठेवायचाच नाही. ठेवला तर उतरता करायचा किंवा वरून शेडनेट टाकायचं, म्हणजे ते बीळ करायला येतच नाहीत. आणि बीळ झालंच असेल तर तो ढीग जूनअखेरपर्यंत त्यांचा.

बांधावरून | ५ एप्रिल

ताई, राग धरू नका, पण जे खरं हाय ते बोलतो. आमी उत्तर सोलापूर तालुक्यातली. माळढोकचं अभयारण्य १९७९ ला झालं, तवा आमच्या आज्याला कुणी इचारलं न्हाई. पुढं जमीन इकायची म्हणलं तर परवानगी, एनए करायचं म्हणलं तर परवानगी. पोरीच्या लग्नाला एकरभर इकू म्हणलं तरी गिऱ्हाईक यायना. पक्षी ऱ्हायला पायजे म्हणून आमी काय कमी सोसलं न्हाई. आता अंडी दिसली की काम बंद, असं सुरू झालं तर लोक अंडी दिसल्या दिसल्या पाय देऊन मोकळी हुतील, कुणाला कळायच्या आत. ह्याचा इचार करा.

रानवाट | ५ एप्रिल

दादा, राग कशाचा? तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते या धाग्यावर यायलाच हवं होतं. अभयारण्याची मूळ हद्द होती जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर. गावं, बाजारपेठा, उसाची शेतं सगळं त्यात. ती कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर यायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला, आणि तोवर लोकांचा पक्ष्यावरचा जीव उडाला होता. माळढोकही जवळजवळ संपला. लोकांना दूर ठेवून पक्षी वाचत नाही हे सोलापूरकरांइतकं कुणी भोगलेलं नाही.

म्हणूनच मी दिवस मोजून दाखवतोय. टिटवीमुळे सात-बारावर कसलाही शिक्का बसत नाही. पिल्लं निघाली की ती जागा मोकळी.

बांधावरून | ५ एप्रिल

हे पटलं. आन् एक आठवलं म्हणून सांगतो. आमचा आजा नांगरताना टिटवी आडवी आली, पंख पसरून बैलाच्या तोंडापुढं नाचाय लागली, की बैल थांबवायचा. बघायचा कुठं हाय. मग तेवढ्यापुरता नांगूर उचलून धरायचा, चार हात सोडून परत टेकवायचा. नांगरलेल्या रानात तेवढा चट्टा तसाच दिसायचा. पेरणीपतोर ती आपली पोरं घिऊन निघून गेल्याली असायची. ह्याला आमच्यात कुणी कायदा म्हणलं न्हाई. जेसीबीवाल्याला हेच सांगा, तो बी कुठल्या तरी शेतकऱ्याचाच पोरगा असंल.

दूरचा_सोलापूरकर | ५ एप्रिल

घरट्याचं समजलं, पण त्या खाणीच्या डबक्यासाठी एवढं कशाला? आपल्याकडे सिद्धेश्वर तलाव आहे, कंबर तलाव आहे, इंग्रजांनी १८७१ साली पुरा केलेला हिप्परग्याचा एकरूख तलाव आहे, होटगीचा आहे. थोडं लांब गेलं की उजनी. पक्ष्यांना पंख आहेत, जातील तिकडे. डास होणाऱ्या डबक्याच्या जागी बाग झाली तर वाईट काय?

मनापासून विचारतोय, वादासाठी नाही.

रानवाट | ५ एप्रिल

प्रश्न रास्त आहे. मोठं पाणी आणि उथळ पाणी ही पक्ष्यांसाठी दोन वेगळी गावं आहेत. उजनीवर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, पट्टकादंब येतात, ते पाहुणे. आपल्याकडे अंडी घालणारे बरेचसे पाणपक्षी असल्या लहान, उथळ, गवताळ जागाच शोधतात. टिबुकली पाण्यावर काटक्या-शेवाळाचा तराफा करून त्यावर अंडी घालते आणि खायला निघताना अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून जाते. खोल तलावाच्या मध्यावर, लाटांत तिचा तराफा टिकत नाही. पाणकोंबडीला पाणकणसाची दाटी लागते. शेकाट्याला घोट्याएवढा चिखल. आणि टिटवीच्या पिल्लांना पंख असले तरी निदान पाच-सहा आठवडे ती उडत नाहीत. रस्ता ओलांडून कंबर तलावाला जाणं त्यांच्या आवाक्यातलं नाही.

डासांबद्दल: ज्या पाण्यात मासे, बेडूक आणि चतुरांच्या अळ्या असतात तिथं डासांची पिल्लावळ खाणारे भरपूर असतात. राडारोडा टाकून अर्धवट बुजवलेल्या पाण्यात यातलं काही उरत नाही, उरतात फक्त डास.

आपलेच अरण्यलेखक मारुती चितमपल्ली. सोलापुरात जन्मले, आयुष्य जंगलात काढून अखेरीस सोलापुरातच परतले. मराठीला पक्ष्यांची इतकी नावं त्यांनी दिली. ज्या गावाकडे एवढी नावं आहेत तिथं पोरांना टिटवी आणि कावळ्यापलीकडे तिसरा पक्षी ओळखता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. हे थोडं अवांतर झालं.

पहिला_मजला | ५ एप्रिल

पक्ष्यांतलं मला कळत नाही, पाण्यातलं कळतं. आमची सोसायटी अशाच बुजवलेल्या ओढ्यावर आहे हे आम्हाला घर घेताना कुणी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत रात्री पार्किंगमध्ये छातीइतकं पाणी होतं. लिफ्टचा खड्डा, मीटरची खोली, सोळा गाड्या, सगळं पाण्यात. खाली राहणाऱ्या आजोबांना दोघांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं. सकाळी शेजारच्या शेतकऱ्याने बांधावरून हात करून दाखवलं, ओढा असा असा जायचा. बरोबर आमच्या गेटमधून.

जे कुणी त्या लेआउटमध्ये प्लॉट घेणार असतील त्यांना हा धागा दाखवा.

मोजणीदार_निवृत्त | ५ एप्रिल

भूमापनात नोकरी झाली, त्यामुळे पाण्याच्या बाजूने थोडं लिहितो. गच्चीवरून ताई, तुमच्या मूळ लेखात एक शब्द आहे त्याच्यावर सगळं अवलंबून आहे: ओढा.

केवळ 'पाणथळ' म्हणून गेलात तर अडचण येईल. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम चांगले आहेत. अधिसूचित, म्हणजे सरकारने रीतसर जाहीर केलेल्या, पाणथळीत भराव नाही, अतिक्रमण नाही, राडारोडा नाही, आणि गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही. पण अधिसूचित झालेली असेल तर. देशाच्या पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टर आणि त्यावरच्या दोन लाखांहून जास्त जागा मोजल्या आहेत, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना संरक्षण दिलं आहे. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. तुमची खाण एकरभर असेल. ती त्या जाळ्याच्या भोकातून खाली पडते. आपल्या भागातल्या बहुतेक जागा अशाच पडतात.

ओढ्याचं तसं नाही. ओढा आजचा नसतो. गाव नकाशावर तो दोन वळणदार रेषांनी काढलेला असतो, आणि तो नकाशा तुमच्या लेआउटच्या आधी कित्येक वर्षांचा असतो. म्हणून हे करा. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची आणि त्या गटाच्या गटबुकाची (गटाच्या मोजणी नकाशाची) प्रमाणित प्रत काढा. सात-बारावर पोटखराबा, म्हणजे लागवडीखाली न धरलेलं क्षेत्र, बघा. 'वर्ग अ' म्हणजे खडक वगैरे, लागवडीला नालायक. 'वर्ग ब' म्हणजे रस्ता, ओढा, तळं अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेलं. त्या गटात 'वर्ग ब' खाली काही आर (एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर) नोंदलेले असतील तर तो तुकडा कुणाला बुजवता येत नाही, मालकालाही नाही. मग मंजूर लेआउटचा नकाशा मिळवून दोन्ही एकावर एक ठेवा. ओढा एकात आहे आणि दुसऱ्यात नाही असं दिसलं, तर तुमचा अर्ज तिथंच अर्धा लिहून झाला.

राडारोड्याचे नियम २०१६ पासून वेगळे आहेत. ओढ्या-नाल्यात बांधकामाचा कचरा टाकून प्रवाह अडवता येत नाही. डंपरचे फोटो तारीख-वेळ दिसेल असे काढून ठेवा, नंबरप्लेटसकट. आणि बाभळी महापालिका हद्दीत असतील तर तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा. सुगरणींची घरटी लागण्याआधी त्या बाभळींची नोंद करून घ्या.

गच्चीवरून | ६ एप्रिल, रात्री

सगळ्यांचे आभार. आज काय झालं ते लिहिते.

सकाळी पावणेसातलाच खाली जाऊन उभी राहिले. ऑपरेटर पंचविशीचा, इंडीकडचा, कानडी-मराठी मिसळून बोलणारा. त्याला म्हटलं, दुरूनच दाखवते. मी बोट करायच्या आत तो म्हणाला, "आक्का, ते काय, दिसली." आत्तापर्यंत मी दाखवलेल्या सात-आठ जणांत न सांगता दिसलेला हा पहिलाच. बांबू त्यानेच आणले. सुतळीला बांधायला माझ्या जुन्या लाल परकराच्या चिंध्या दिल्या. बांधावरून दादा, तुमचा आजोबांचा नांगर त्याला सांगितला. तो म्हणाला, आमच्यातही तसंच करतात.

अकराला बिल्डर आले. सिव्हिलवाला यांनी सांगितलं होतं तसंच मी बोलले. त्यांनी एकच विचारलं, किती दिवस? म्हटलं, २६ तारखेच्या पुढे चार दिवस धरा. ते मुकादमाला म्हणाले, वरच्या अंगाचे दोन रस्ते आधी घ्या. पाच मिनिटांत विषय संपला. मी रात्रभर झोपले नव्हते.

खाणीचं बोलणं काढल्यावर मात्र सूर बदलला. "ती जागा प्लॅनमध्ये ओपन स्पेस आहे. सपाट करून द्यावीच लागते." डंपर आजही आले, चार.

सिव्हिलवाला | ७ एप्रिल

घरट्याचं झालं ते फार चांगलं. पाण्याचं अवघड आहे हे खरं, कारण इथं तारीख सांगून काम भागत नाही. पण ओपन स्पेस हा शब्द ऐकून मला उलट आशा वाटली. लेआउटमध्ये दहा टक्के ओपन स्पेस सोडायचीच असते, तिथं प्लॉट विकायचे नसतात. म्हणजे पाणी राहिलं तर बिल्डरचा एक फूटही जात नाही, उलट भरावाचा खर्च वाचतो. काठाने फिरायची वाट, कठडा, मधे पाणी, असा नकाशा आर्किटेक्टकडून सुधारून घेता येईल का ते विचारा. विजापूर रोडला 'तळ्याकाठचे प्लॉट' म्हणून त्याची जाहिरात करता येईल हेही सांगा. त्याला ते माझ्यापेक्षा लवकर कळेल.

तोवर चालू कामात काही गोष्टी लगेच मागून घ्या. मिक्सर आणि थापी-घमेली धुतलेलं पाणी खाणीकडे उतरू द्यायचं नाही. सिमेंटचं पाणी चुन्यासारखं जहाल असतं, उथळ पाण्यातले मासे-बेडूक त्याने मरतात. त्यासाठी वेगळा खड्डा काढायचा, साका बसला की तो उचलायचा. ओढ्याच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांची एक ओळ लावली की मोकळी माती पहिल्या वळवात वाहून खाणीत बसत नाही. क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी कमी पडलं की खाणीत मोटर टाकायचा मोह प्रत्येक साइटवर होतो, त्याला आत्ताच नाही म्हणून ठेवा. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात हा मोह मोठा असतो, मी बघितलाय. आणि लेबर कॅम्पचं उरलेलं अन्न झाकणाच्या डब्यात. उघड्यावर पडलं की कुत्री येतात, आणि कुत्री आली की जमिनीवरचं एकही अंडं राहत नाही.

पुढच्या वेळेसाठी सर्व साइटवाल्यांना एक विनंती: झुडपं-गवत साफ करायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. मार्चपासून जमिनीवरचे आणि पावसाळ्यात पाण्याकाठचे पक्षी बसतात. नोव्हेंबर-फेब्रुवारीचे चार महिने त्यातल्या त्यात मोकळे असतात. बांधकाम वीस हजार चौरस मीटरच्या वर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, तेव्हा निदान कागदावर तरी हे सगळं विचारलं जातं. सोलापूरच्या बहुतेक साइट्स त्याच्या खालीच असतात, तिथं बघणारे आपणच.

गच्चीवरून | १८ एप्रिल

नकाशाची प्रत मिळाली. एका कार्यालयातून दुसऱ्या, दुसऱ्यातून परत पहिल्या, असे पाच दिवस गेले. एका ठिकाणी "बाई, डबक्यासाठी कुठं उन्हात फिरता" असंही ऐकून घेतलं. मोजणीदार काका, नकाशावर ओढा आहे. दोन रेषा, खाणीच्या जागेतून सरळ खाली जाणाऱ्या. सात-बारावर 'वर्ग ब' खाली अकरा आर. लेआउटमध्ये त्याचा मागमूस नाही. तुम्ही सांगितलेल्या मजकुराप्रमाणे अर्ज दिला, आमच्या गल्लीतल्या एकतीस जणांच्या सह्या आहेत. शेजारच्या शेताचे मालकही सही करायला आले, ओढा अडला तर पाणी त्यांच्याच रानात तुंबणार.

डंपर दोन दिवसांपासून बंद आहेत. खाणीचा एक कोपरा मात्र गेला. पाणकोंबडी त्या ढिगाऱ्यावर चढून खाली बघत बसते.

मोजणीदार_निवृत्त | १८ एप्रिल

अकरा आर पुष्कळ झाले. पोच घेतलीत ना? पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही आहेत का ते बघा. स्थळपाहणीच्या दिवशी मला कळवा, मी येईन. नकाशा जमिनीवर उतरवून दाखवायला माणूस लागतो.

गच्चीवरून | २६ एप्रिल

निघाली!

काल संध्याकाळी एका अंड्याला टाचणीच्या डोक्याएवढा तडा दिसला होता. आज सकाळी सहाला गच्चीवर गेले तर टिटवी बसलेली, आणि तिच्या पंखाखालून काड्यांसारखे पाय बाहेर आलेले. तिच्या स्वतःच्या पायांखेरीज सहा मोजले. चौथं अंडं नऊपर्यंत तसंच होतं, पुढेही फुटलं नाही. तिने फुटलेल्या कवचाचे तुकडे चोचीत धरून एकेक करून लांब नेऊन टाकले.

साडेदहाला ती उठली. दोन हाका दिल्या, नेहमीच्या कर्कश नाही, अगदी बारीक. तिन्ही पिल्लं निघाली. लाल चिंध्यांच्या खालून, फक्की ओलांडून, जेसीबीच्या चाकाच्या खुणेत उतरून पलीकडे चढून. एक पिल्लू त्या खुणेत अडकलं, बाहेर येईना. नर असेल तो, दुसरा पक्षी, तिथं जाऊन उभा राहिला आणि ते वर येईपर्यंत हलला नाही. आज रविवार, काम बंद, तरी ऑपरेटर आला होता. आम्ही दोघं माझ्या गच्चीवरून बघत होतो, त्याने दुर्बीण परत दिलीच नाही.

ती कुठं गेली सांगू? सरळ खाणीकडे. एवढा तीन एकर माळ मोकळा होता, पण टिटवी वाट जराही न बदलता त्यांना ओढ्याच्या तोंडाशी, राहिलेल्या चिखलात घेऊन गेली. दुपारी बाराच्या उन्हात तिन्ही पिल्लं पाणकणसाच्या सावलीत चिखल टोचत होती. राडारोड्याचा ढीग तिथून वीस पावलांवर आहे.

रानवाट | २६ एप्रिल

चारांतून तीन म्हणजे फार उत्तम. आता महिना-सव्वा महिना ती त्याच चिखलात वाढतील. हे पाहिलेलं आजच कागदावर तारीख-वेळेसकट लिहून ठेवा आणि तुमच्या अर्जाला जोडा. स्थळपाहणीला येणाऱ्यांना ओढा कोरडा वाटू शकतो, पिल्लं दिसतील.

बांधावरून | २६ एप्रिल

लई बरं वाटलं ताई. त्या पोराला माझा रामराम सांगा.

गच्चीवरून | २८ एप्रिल

स्थळपाहणी गुरुवारी, ३० तारखेला सकाळी साडेआठला ठरली आहे. बिल्डरही येणार आहेत आणि त्यांनी आर्किटेक्टला सोबत आणतो म्हणून स्वतःहून फोन केला. काका, तुम्ही आठपर्यंत आमच्याकडेच या, चहा घेऊन जाऊ. नकाशाच्या तीन प्रती काढून ठेवल्या आहेत. पहिला मजला, तुमच्या पार्किंगमधल्या पाण्याचे फोटो असतील तर तेही पाठवा, आर्किटेक्टला दाखवायचे आहेत. येणाऱ्यांनी रस्त्याच्या बाजूनेच उभं राहावं, खाणीकडे उतरू नये. पिल्लं आज तिथंच होती, तिन्ही.